शेवटच्या गाण्याआधीचे तीन ठोके

रेकॉर्डमध्ये दोष नाही, अशी तक्रार कानबाईनं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली.

तशा तक्रारी तिला नव्या नव्हत्या. रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकणारीची नोकरी म्हणजे तक्रारींवरच पोट. इथे करकर होतेय, तिथे सुई उडतेय, अमक्या गाण्यात कुणी कागद चुरगळतंय. हजार प्रती छापायच्या आधी नमुन्याच्या पाच यायच्या. त्या पाचही कानबाई दाराला कडी लावून, हेडफोन चढवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि कागदावर लिहायची: बाजू कोणती, मिनिट कितवं, काय खुपलं. तिची सही झाल्याशिवाय छपाईचं यंत्र हलत नसे. नव्यानं आलेल्यांना ती सांगायची, "गाणं ऐकायचं नाही. गाण्यात जे नको ते ऐकायचं. गाण्यात रमलात की मेलात." त्यामुळे झालं असं, की जगभरची गाणी तिच्या कानांवरून गेली आणि गुणगुणायला सांगाल तर एक येत नव्हतं. नवरा म्हणायचा, "तुझं पोस्टमनसारखं आहे. सगळ्यांची पत्रं हातात, वाचायचं एकही नाही."

त्या दिवशी सकाळी धाकटे साहेब हातात एक कागद घेऊन तिच्या खोलीत आले. हे जुन्या मालकांचे चिरंजीव. वय तिशीचं, पण कानबाईशी बोलताना अजून शाळेतल्या मुलासारखे एका पायावर उभे राहायचे.

"कानबाई, ती भांडीवाली रेकॉर्ड गेल्या आठवड्यात तुम्हीच पास केलीत ना?"

"केली. आरशासारखी स्वच्छ आहे."

"तेच तर त्यांचं म्हणणं आहे. स्वच्छ का आहे, असं विचारतायत."

भांडीवाली रेकॉर्ड म्हणजे ब्रिटनमधल्या चौघांच्या एका बँडची. वेष्टनावर सिंकमध्ये साचलेल्या खरकट्या भांड्यांचा फोटो, म्हणून कारखान्यात तिचं नाव भांडीवाली. असल्या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय हो, असं कानबाईनं एकदा थोरल्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "ज्याला मुख्य रस्त्यावर दुकान मिळालं नाही ते." सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच कारखान्यात तिच्या सहाशे प्रती निघाल्या. एका वर्तमानपत्रानं चार ओळी लिहिल्या, त्यातली दीड ओळ भांड्यांवर. कंपनी बुडाली, चौघं चार दिशांना गेले, रेकॉर्डी कुणाकुणाच्या माळ्यावर पडल्या. मग कधीतरी एक प्रत जुन्या बाजारात कुणाच्या हाती लागली, त्यानं ती दुसऱ्याला ऐकवली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि आता हजारभर माणसं त्या रेकॉर्डवर जीव टाकत होती. एका छोट्या कंपनीनं नवी आवृत्ती काढायचं ठरवलं होतं. मूळ टेप गाणाऱ्याच्या बहिणीकडे सापडली. टेपवरून सगळं नव्यानं करून छापायला मात्र इथंच पाठवलं होतं, जुन्या ओळखीखातर.

"पत्र त्यांच्या ड्रमवाल्याचं आहे," धाकटे साहेब म्हणाले. "आता तो शाळेची बस चालवतो. लिहितो, पहिल्या आवृत्तीत दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याआधी जी शांतता आहे ना, तिच्यात तीन ठोके आहेत. नव्या नमुन्यात ते नाहीत. टेपवरसुद्धा नाहीत. म्हणतो, आम्ही ते वाजवलेच नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं गाणाऱ्यानं वाजवले, गाणाऱ्याला वाटायचं मी. परवा चौघं फोनवर बोललो आणि कळलं, कुणीच नाही. मग वाजवले कुणी?"

"अगं बाई!"

"ऐका तर. लोकांना ते ठोके फार आवडतात म्हणे. एका बाईनं मनगटावर तीन ठिपके गोंदवून घेतलेत. लोक म्हणतात, ठोके पडतात आणि शेवटचं गाणं दार उघडायला येतं. तेव्हा प्रश्न असा, की हे तुमच्या कारखान्यात झालं का, आणि झालं असेल तर परत घालता येईल का."

"दोष परत घालायचा?" कानबाई हसायला लागली. "जन्म गेला माझा काढण्यात. कसले ठोके म्हणे?"

धाकट्या साहेबांनी कागदात बघून टेबलावर बोटं वाजवून दाखवली. दोन लागून. मग जरा थांबून एक, हलकं.

कानबाईचं हसू तोंडावरच राहिलं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी छातीत झालं. का झालं ते तिला कळेना. ती म्हणाली, "बघते मी. जुनी प्रत असेल फडताळात," आणि धाकट्या साहेबांना तिनं जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

प्रत्येक रेकॉर्डची एक प्रत कारखाना ठेवतो. भांडीवाली तळाच्या फळीवर सापडली. पाकिटात रेकॉर्डबरोबर दोन कागद होते. एक बँडनं तेव्हा पाठवलेला, त्याचं थोरल्या साहेबांनी तिच्यासाठी पेन्सिलीनं भाषांतर केलेलं: "ह्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम ठेवलेले आवाज. किटली. सरकवलेली खुर्ची. शेजारच्या खोलीतला रेडिओ. गळका नळ. आणि घरातले इतर आवाज. हे दोष नाहीत. कृपया तक्रार करू नये." दुसरा कागद तिच्याच अक्षरातला. तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती, अक्षर पाटीवर काढल्यासारखं गोल होतं. "दुसरी बाजू: दोष नाही." खाली सही.

बरोबरच होतं. जो बँड गळका नळ मुद्दाम ठेवतो, त्याच्या रेकॉर्डमध्ये दार वाजलं तर ऐकणारीनं काय समजावं? घरातले इतर आवाज.

तिनं सुई ठेवली.

आज तिनं नियम मोडला आणि गाणी ऐकली. दोन गिटारी एकमेकींशी भांडून दमलेल्या जावांसारख्या वाजत होत्या. गाणारा, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशा बेतानं गात होता. मधेच किटली शिट्टी मारी, खुर्ची सरके. वाईट नव्हतं. तिला तर आवडायलाच लागलं होतं, तेवढ्यात पाचवं गाणं संपलं आणि शांतता आली. काळ्या खाचेतली नुसती फिरती शांतता.

टक टक. टक.

कानबाईनं हेडफोन काढला, खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. हे तर तिला माहीतच होतं. तिनं हेडफोन पुन्हा लावला, सुई मागे घेतली. टक टक. टक. आणखी एकदा. मग तिनं सुई उचलून ठेवली.

माणसाला आपला आवाज रेकॉर्डवर ओळखू येत नाही म्हणतात. पण दार वाजवणं? घरात सगळे तिच्या दार वाजवण्याला हसायचे. दोन भरभर, आणि मग उगीच त्रास दिला असं वाटून तिसरं चोरटं. आई म्हणायची, "हिची टकटक म्हणते, येऊ का, येऊ का, नको, राहू दे."

ती ऑफिसात गेली. कोणती मूळ तबकडी कोणत्या दिवशी कापली, त्याची जुनी वही तिनं मागून घेतली. भांडीवाली, दुसरी बाजू. तारीख वाचायची गरजच पडली नाही. ती तारीख तिच्या डोळ्यांना आपोआप दिसते. कॅलेंडरवर कुठेही असली तरी.

त्या दिवशी ऐकायच्या खोलीतला फोन वाजला होता. थोरल्या बहिणीचा. आई थोरलीकडे होती, दोन महिने अंथरुणाला खिळलेली. "दादाला घेऊन लगेच ये," थोरली म्हणाली. "आई सारखं त्याचं नाव घेतेय." दादा म्हणजे मधला भाऊ. तो ह्याच कारखान्यात कटिंगला होता, आणि बारकीला, म्हणजे घरातल्या कानबाईला, त्यानंच इथे चिकटवलं होतं. कटिंग म्हणजे टेपवरचं गाणं ऐकत एक सुई काळ्या, मऊ लॅकरच्या तबकडीवर खाच पाडत जाते. त्या तबकडीवरून साचे होतात, साच्यांवरून रेकॉर्डी. सुई चालू असताना शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची आपटली तरी ती हलते आणि तो धक्का खाचेत कायमचा बसतो. म्हणून कटिंगच्या दारावर लाल दिवा, आतून कडी. दिवा लागला की थोरले साहेबसुद्धा चपला हातात घेऊन तिथून जायचे.

बारकी धावत गेली तर दिवा लागलेला.

पुढचं तिला कसं आठवतं? हात उचललेला आठवतो. दाराचा गार पत्रा आठवतो. आणि मग कितीतरी वेळ तो लाल दिवा. अखेर दिवा विझला, दादा बाहेर आला, स्कूटरवरून दोघं सुसाट गेली. पोचली तेव्हा आई जाऊन पंधरा मिनिटं झाली होती.

लोक जमले, रडारड झाली. थोरलीनं विचारलं, "हिनं तुला सांगितलं नाही का रे?" दादा म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही. दार उघडलं तर ही बाहेर उभी."

"मी वाजवलं होतं," बारकी म्हणाली.

"मग त्याला ऐकू कसं नाही आलं? बंद खोलीत बसलेला माणूस तो! लाल दिव्याला भ्यालीस तू. आई मोठी की दिवा मोठा?"

तेव्हापासून ते तसंच. पहिल्या वर्षी थोरली म्हणायची, दहा मिनिटं उभी होती. मुलांची लग्नं होईपर्यंत त्याची वीस झाली. आता नातवंडांना सांगताना चांगला अर्धा तास भरायचा. पंधरा मिनिटं मात्र कधी बदलली नाहीत, कारण ती तिनं घड्याळात पाहिली होती. कानबाईनं नवं घर घेतलं तेव्हा थोरली आली, दारावरचं बटण दाबून बघितलं आणि म्हणाली, "बेल बसवलीस ते बरं केलंस. आमच्या घराण्यात सगळ्यांनाच दार वाजवता येत नाही." दादा काही बोलायचा नाही. लग्नकार्यात भेटायचा, पाहुण्याला पाण्याचा ग्लास द्यावा तशी कोरडी विचारपूस करायचा. आणि कानबाई? पहिली दोन-चार वर्षं ती सांगत राहिली, वाजवलं होतं, वाजवलं होतं. मग सांगेनाशी झाली. मग एक दिवस भाजी चिरताना तिच्या मनात आलं, खरंच वाजवलं होतं का मी? की नुसता हात उचलला? त्यानंतर हा प्रश्न गेलाच नाही. दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधली केसाएवढी करकर पकडणाऱ्या बाईला स्वतःच्या हाताची खात्री उरली नव्हती.

आणि ते इथे होतं. फडताळाच्या तळाच्या फळीवर. शिवाय सहाशे घरांमध्ये. परक्या बायका ते मनगटावर गोंदवून हिंडत होत्या.

ती खोलीत परतली. अठ्ठावीस वर्षांची सवय, डोकं बधिर झालं तरी हात आपलं काम करतात. तिनं स्टॉपवॉच काढलं, तिसऱ्या ठोक्यावर दाबलं आणि सुई शेवटच्या वळशाला पोचली तसं थांबवलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

तिनं पुन्हा मोजलं. सहा चाळीस.

अर्धा तास नव्हे. वीस मिनिटं नव्हे. एक गाणं.

कानबाईनं रेकॉर्ड पिशवीत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. धाकटे साहेब इतके घाबरले की त्यांनी कारणही विचारलं नाही.

दादाकडे वहिनी जिन्यातच भेटली, कपडे वाळत घालून खाली येत होती. कामाच्या दिवशी, भर दुपारी, नणंदेला बघून तिनं रिकामी बादली छातीशी धरली. दादा खिडकीपाशी पेपर वाचत होता. सहासष्ट वर्षांचा, दोन्ही कानांत यंत्रं. चाळीस वर्षं हेडफोनमध्ये घालवल्याची ती कमाई. त्यानं मान वर केली आणि मोठ्यांदा विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. एक रेकॉर्ड ऐकवायचीय."

"मला? अगं, मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही."

"तरी ऐक."

कोपऱ्यातल्या प्लेअरवरचं कापड तिनंच काढलं. वेष्टन दिसलं तसा दादा पेपरची घडी घालायला लागला. घडीवर घडी, घडीवर घडी, पेपर पत्त्यातल्या पानाएवढा होईपर्यंत. कानबाईनं पाचव्या गाण्याच्या शेवटी सुई ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. गाणं संपलं. शांतता आली.

टक टक. टक.

दादाच्या तोंडावरची रेषा हलली नाही. हलणार कशी? असले हलके आवाज त्याच्या कानांतून कधीच गेले होते. शेवटचं गाणं सुरू झालं. कानबाईला रडूच फुटायला आलं. सव्वीस वर्षांनी साक्षीदार सापडला आणि न्यायाधीश बहिरा! आता ओरडून सांगायचं का, ऐक रे, आत्ता वाजलं ते ऐक? तो म्हणेल, काय ऐकू? काही नाही तिथे.

फिरणाऱ्या तबकडीवर नजर ठेवून दादा म्हणाला, "झाले का?"

"काय झाले का?"

"तीन."

कानबाईनं प्लेअरकडे पाठ फिरवली. तिनं सांगितलं नव्हतं. ठोके, हा शब्दसुद्धा ह्या घरात तिनं अजून उच्चारला नव्हता.

"तीन काय? कसले तीन?" वहिनी बादली घेऊन दारातच उभी. "मला कुणी सांगाल का?"

"तुला ऐकू आलं होतं," कानबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तुला तेव्हा ऐकू आलं होतं."

"नाही." दादानं मान हलवली. "आईशप्पथ नाही. हेडफोन होता. मी टेप ऐकत होतो, टेप गप्प होती. ठोके पत्र्यातून, जमिनीतून सुईला गेले. मला नाही आले." तो थांबला. "बाजू संपली की खाच सूक्ष्मदर्शकातून, आपल्या दुर्बिणीतून, बघायची, ही माझी पद्धत. तू बघितली आहेस. दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीत तीन कंप दिसले. दोन जवळजवळ, एक लांब. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लाल दिव्याला दार वाजवणारा कोण शहाणा, त्याला सोलतो. तसाच ओरडत बाहेर आलो."

"तू ओरडला नाहीस."

"तुझं तोंड बघितलं."

गाणं चालू होतं. गाणारा बिचारा कुणाला तरी न उठवता गात होता.

"म्हणजे तुला त्याच दिवशी माहीत होतं," कानबाई म्हणाली. "ताई मला सगळ्यांदेखत बोलत होती, तेव्हा तुला माहीत होतं."

"मी खोटं नाही बोललो. ऐकू आलं नाही, एवढंच म्हणालो."

"आणि दिसलं होतं, ते?"

वहिनीनं बादली खाली आपटली.

"अहो, मीसुद्धा हिला बोललेय! भाचीच्या लग्नात! मी म्हटलं होतं, निरोप हिच्याकडे नका देऊ. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून पान खात होतात! माझ्या तोंडून बोलवलंत!"

"तू गप्प बस गं."

"मी का गप्प बसू? गप्प बसायचं काम ह्या घरात तुम्ही चोख केलंय की!"

"काय सांगणार होतो मी?" दादा एकदम ओरडला. बहिऱ्या माणसाचं ओरडणं, खोलीभर झालं. "आई माझं नाव घेत होती, बहीण दार वाजवत होती, आणि मी आत बसून भांड्यांची रेकॉर्ड कापत होतो, हे सांगू? आणि वर दुर्बिणीत डोळा घालून चिडत बसलो, दोन मिनिटं अजून गेली, हे सांगू? रजेवरून आलो तेव्हा साचे झाले होते. थांबवता आलं असतं. पण कारण लिहावं लागलं असतं ना वहीत. काय लिहू? दारावर बहीण?" त्याचा आवाज खाली आला. "तुला थोडं बोलतील, विसरतील, असं वाटलं. तू लहान होतीस."

"अठ्ठावीस वर्षांची होते."

"आमच्यात लहानच."

कानबाईला वाटलं होतं, पुरावा सापडला की आपल्याला हलकं वाटेल. वाटलं काय, तर समोरच्या म्हाताऱ्याच्या हातातला पेपर हिसकून त्याच्याच डोक्यात हाणावा. तसं तिनं केलंही. पेपर घड्यांनी इतका जाड झाला होता की चांगला लागला. दादानं डोकं चोळलं, पण हात आडवा घातला नाही.

मग तिनं पर्समधून स्टॉपवॉच काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"तिसऱ्या ठोक्यापासून बाजू संपेपर्यंत. मी दोनदा मोजलंय."

"सहा चाळीस," दादानं वाचलं. अजून त्याला उमगलं नव्हतं.

"तुझी दुर्बीण दोन मिनिटं. झाली पावणेनऊ, धर. आणि आपण किती उशिरा पोचलो?"

"पंधरा. ताईनं घड्याळात—" तो थांबला. ओठ हलले. रेकॉर्डच्या बाजू जन्मभर मिनिटा-सेकंदांत मापलेला माणूस, त्याला वजाबाकी शिकवायची गरज नव्हती. "पंधरातून नऊ गेले तर... तर सहा..."

"पहिल्या ठोक्याला दार उघडलं असतंस, तरी सहा मिनिटं उशीरच होता, दादा. तुलाही आणि मलाही."

दादानं एका कानातलं यंत्र काढलं, हातात धरलं, परत घातलं. जणू दोष त्याच्यात असावा.

"परत सांग," तो म्हणाला.

तिनं परत सांगितलं. मग वहिनीनं सांगितलं. मग तो स्वतःशीच बोलत राहिला, सहा चाळीस आणि दोन, सहा चाळीस आणि दोन, आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की कानबाईला दुसऱ्यांदा मारायला उचललेला पेपर खाली ठेवावा लागला. सव्वीस वर्षं ज्या रेकॉर्डला हा माणूस भीत होता, ती त्यानं एकदा, फक्त एकदा घड्याळ लावून ऐकली असती तर! पण तिनं तरी कुठे ऐकली होती? सही मात्र केली होती.

शेवटचं गाणं संपून सुई नुसतीच फिरत होती. वहिनीनं ती उचलली.

"ही आणलीस कशाला बाहेर?" दादानं डोळे पुसत विचारलं.

कानबाईनं पत्राचं सगळं सांगितलं, गोंदवणाऱ्या बाईसकट. दादा ऐकत गेला तसा लाल होत गेला. "लोकांना आवडतात? आपली आई मरत होती आणि लोकांना आवडतात? काही परत घालायचं नाही. स्वच्छ झालीय, स्वच्छ राहू दे. कळव त्यांना, यंत्राचा दोष होता."

"यंत्राचा नव्हता."

"मग काय कळवणार आहेस?"

"खरं ते. त्यांनी एकमेकांवर संशय घेत इतकी वर्षं काढलीत. अजून किती काढू द्यायची? आणि ठोके परत घालायचे. जुन्या प्रतीवरून उतरवून घेता येतील, मी धाकट्या साहेबांना सांगते."

"मला नको आहेत ते!"

"तुझे नाहीतच मुळी. दार मी वाजवलं होतं. राहू द्यायचे की नाही, हे मी ठरवणार." तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या ठाम आवाजात दादाशी ती जन्मात बोलली नव्हती. "आणि आता ताईला फोन लाव."

"उद्या लावतो."

"आत्ता."

"बारके, ती ऐंशीला टेकली. तिला धक्का बसेल."

"अडुसष्ट आहेत त्या," वहिनी म्हणाली, "आणि त्यांना धक्का बसत नाही, त्या देतात. लावा."

वहिनीनंच नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला. पलीकडून थोरलीचा आवाज आला, "कोण गेलं?" दुपारचा फोन ह्या घराण्यात दुसऱ्या कशासाठी करत नसत.

"ताई," दादा म्हणाला आणि अडकला. त्यानं बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. सुटका कुठेच नव्हती. "ताई, आई गेली त्या दिवशी... हिनं दार वाजवलं होतं. मला ऐकू नाही आलं, पण वाजवलं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

मग त्यानं दुर्बीण सांगितली, सहा चाळीस सांगितलं, सहा मिनिटांचा उशीर सांगितला. तुटक, मागे-पुढे, पण सगळं. पलीकडे एवढी शांतता झाली की वहिनीनं फोन उचलून बघितला, लागलेला आहे ना म्हणून.

"ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय." थोरलीचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. "मी तुला किती वेळा विचारलं रे. किती वेळा." मग श्वासाचा आवाज. मग, "ती आहे तिथे?"

"आहे."

"तिला दे."

फोन टेबलावरच होता, तरी दादानं तो उचलून दोन्ही हातांनी कानबाईला दिला.

"बारके."

"बोल, ताई."

"मी तुला काय काय बोलले."

"हो."

"आठवतं तुला?"

"सगळं."

कानबाईनं हे टोचून म्हटलं नव्हतं. तिचे कानच तसे. पलीकडे थोरली रडत असावी, पण ती फोनवर कधी रडली नव्हती, त्यामुळे खात्रीनं सांगता आलं नसतं.

"मग एकेक सांग," थोरली म्हणाली. "मी एकेक परत घेते."

कानबाईनं दादाची खुर्ची ओढून घेतली.

"पहिलं, आई मोठी की दिवा मोठा."

"परत घेतलं."

"माझ्या नव्या घरी, बेलवरून बोललीस ते."

"ते गमतीनं बोलले होते गं."

"ताई."

"बरं, बरं. घेतलं. पुढचं?"

"काय म्हणतेय ती?" दादानं वहिनीला मोठ्यांदा विचारलं.

"गप्प बसा," वहिनी म्हणाली. "अजून पहिलंच वर्ष चाललंय."